मुक्काम कोयली: सॅक्सोफोनवादनाची नियमावली

सॅक्सोफोन शिकू इच्छिणाऱ्या गृहस्थाने प्रथम वाद्य विकत घेऊ नये. प्रथम शेजाऱ्यांची खातरजमा करून घ्यावी. वाद्य बाजारात केव्हाही मिळते. परंतु ज्याची झोप हलकी नाही, ज्याच्या घरी परीक्षेला बसणारे अपत्य नाही आणि ज्याचे संगीतविषयक ज्ञान फिर्याद गुदरण्याइतके प्रगत झालेले नाही, असा शेजारी लाभणे हा पूर्वसंचिताचा भाग होय. या दृष्टीने वडोदऱ्यानजीकचे कोयली हे स्थान या विद्येस विशेष अनुकूल मानले पाहिजे. १९६५ पासून येथे खनिज तेल शुद्ध करण्याचा कारखाना अहोरात्र चालू आहे, व त्यातील पाळ्यांच्या व्यवस्थेमुळे दिवसाच्या कोणत्याही प्रहरी कोणी ना कोणी निजलेले असतेच. सबब ‘या वेळी वाजवू नका’ असे म्हणण्यास सर्वमान्य वेळच शिल्लक राहत नाही आणि शिष्टाचाराचा प्रश्न परस्पर निकालात निघतो.

घरातील मंडळींनी हरकत घेतल्यास त्यांना बडोदे संस्थानच्या इतिहासाचा दाखला द्यावा. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा काढली, तेव्हा या मुलखात नादविद्येस राजाश्रय आहे, असे गंभीरपणे सांगावे; त्या शाळेचा आणि आपल्या पितळी नळीचा संबंध काय, असा प्रतिप्रश्न आल्यास चहाची तजवीज करण्यास सांगावे.

वाद्याचा जनक अदोल्फ साक्स हा बेल्जियममधील दिनां गावचा. बालपणी तो जिन्यावरून कोसळला, टाचणी गिळून बसला आणि भलतेसलते द्रव प्याला, असे सांगतात. तरीही तो जगला, व १८४६ साली पॅरिसमध्ये त्याने या वाद्याची सनद मिळविली. पुढे त्याचे तीनदा दिवाळे निघाले. पत्नीशी चर्चा करताना या चरित्राचा पूर्वार्ध तेवढा उपयोगी पडतो.

हे वाद्य पितळेचे असूनही विद्वान त्यास काष्ठवाद्यांत गणतात, कारण त्याचा आवाज निघतो तो बोरूच्या जातीच्या वेळूपासून कातलेल्या एका पातळ पट्टीच्या कंपनातून. हिला रीड म्हणतात. तिच्या जाडीला क्रमांक असतात; नवशिक्याने दीड किंवा दोन क्रमांकाची घ्यावी, आणि दुकानदाराने स्वाभिमानास डिवचले तरी तीनवर जाऊ नये. रीड आधी तोंडात ओली करावी, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडावा, वरचे दात माऊथपीसवर टेकवावेत आणि फुंकर गालांतून नव्हे, पोटातून घालावी. एवढे यथासांग केल्यावर जो ध्वनी निघेल तो म्हशीचा आहे की बंबाचा, याचा पंचनामा करीत बसू नये. ओठांचे स्नायू दमून ढिले पडेपर्यंत एकच स्वर दीर्घकाळ धरणे, हाच आरंभीचा संपूर्ण अभ्यासक्रम. गाणे वाजविण्याची ऊर्मी या काळात जितकी प्रबळ, तितकी ती दाबून टाकण्याची निकड अधिक. मंगळूरचे कद्री गोपालनाथ यांनी मैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये हे वाद्य ऐकले आणि ते कर्नाटक संगीताच्या गमकांस वश करण्यास वर्षानुवर्षे खर्ची घातली, तेव्हा कुठे २००४ साली पद्मश्री आली. वाजवून झाल्यावर आतील ओल फडक्याने पुसावी, अन्यथा झाकणांखालच्या गाद्या कुजतात.

सरावाच्या मोठ्या बैठकांसाठी मात्र पंचांग पाहणे अगत्याचे. सर्वोत्तम मुहूर्त उत्तरायणाचा. १४ जानेवारीस अवघा गुजरात गच्चीवर चढून पतंग उडवीत असतो, पोरे पिपूड्या फुंकीत असतात, पलीकडच्या गच्चीवर लाउडस्पीकर असतो; त्या गदारोळात तुमची किंचाळी ही किंचाळी म्हणून नोंदलीच जात नाही, उलट ‘वाह, भाई!’ अशी शाबासकी मिळण्याचा संभव असतो. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे मुदतवाढ आयतीच. नवरात्र त्याहून दीर्घ. परंतु गरब्याचा ठेका इतका भक्कम असतो की त्याच्या शेजारी बेताल वाजविणारा आपणच, हे आपल्यालाही कळून चुकते. लग्नसराईत बँडवाल्यांच्या आसपास सराव करणे धोक्याचे, कारण ते वाजविण्याचे पैसे घेतात व तुम्ही फुकट वाजवीत आहात.

अखेरीस केव्हातरी समोरच्या बिऱ्हाडातील काका ‘आमच्या भजनात साथ करा ना’ अशी विनंती घेऊन येतील. ती तात्काळ मान्य करू नये. आधी पेटीवाल्यास बोलावून घ्यावे. आल्टो सॅक्सोफोनवर कागदावरचा जो ‘सी’ वाजतो, तो पेटीवर काळी दोनचा स्वर असतो, टेनरवरचा काळी पाचचा. ही बाब पेटीवाल्यास लेखी कळवावी व त्याची सही घ्यावी. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या काकांस ती कळविण्याचे काम त्याच्याच अंगावर टाकावे.