आता फक्त वायरिंग राहिलंय

अण्णांची गाडी बंद आहे असं म्हटलेलं अण्णांना खपत नाही. गाडी 'कामाला दिलेली' असते. वसमत रोडवर ते रिक्षाची वाट बघत उभे दिसले की आपण विचारायचं, "अण्णा, फियाट?" की लगेच उत्तर, "झालीच की. आता फक्त वायरिंग राहिलंय." मागच्या दिवाळीत फक्त क्लच राहिला होता. त्याआधी फक्त माउंटिंग.

कागदोपत्री ही गाडी प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं, पण परभणीत ती फियाटच राहिली. अण्णांच्या वडिलांची मोंढ्यात आडत होती. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघायचा तो काळ, आणि गाडी दारात आली ती १९७८ मध्ये. नंबरप्लेट अर्थातच एमएच २२ च्या आधीची. पाहुणा चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच अण्णा त्याला अंगणात नेतात आणि बोनटवर बोटाच्या पेरानं टकटक करतात. "पत्रा बगा! आता तुमचा वाजवा." पाहुण्यानं आपल्या नव्याकोऱ्या गाडीवर भीतभीत टिचकी मारायची आणि पडलेल्या चेहऱ्यानं परत यायचं, असा या घरचा रिवाज आहे.

मूळचं इंजिन १०८९ सीसीचं. दोनदा बोअर करून झालं, तरी सायलेन्सरमधून निळा धूर येतच राहिला. गॅरेजचे उस्ताद म्हणाले, स्लीव्ह टाकू. पण तोवर अण्णांच्या कानावर आलं होतं की याच कंपनीच्या ११८ एनई गाडीला निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन असतं, तेही उभं बसतं आणि जोर मागच्याच चाकांना देतं. झालं! कुर्ल्याच्या भंगार बाजारातून इंजिन गिअरबॉक्ससकट ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून आलं. कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीला कुर्ल्याचंच काळीज मिळालं, यात अण्णांना फार मोठा अर्थ दिसतो. काकूंना फक्त ट्रान्सपोर्टची पावती दिसली.

जिंतूर रोडच्या गॅरेजात चेनकप्पीला लटकलेलं इंजिन खाली सोडताना उस्तादांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "सेठ, बनी तो बनी, नहीं तो परभणी!" आपल्या गावाची ही म्हण ऐकून गावकरी कधी चिडतो, कधी हसतो. अण्णा त्या दिवशी देवाचं नाव घेतल्यासारखे गंभीर होते. माउंटिंगची भोकं जुळली नाहीत, वेल्डर बोलवावा लागला. प्रोपेलर शाफ्ट लेथवर गेला. स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन खाली दांडा आला आणि त्यासाठी गाडीचा तळ कापावा लागला. काकू म्हणाल्या, "बाई गं, हे भोक कशाला?" पहिल्या पावसात त्या भोकातून पाणी थेट त्यांच्या पैठणीवर उडालं, तेव्हा भोकाचा उपयोग त्यांना कळला.

अण्णा बेकायदा काही करणार नाहीत. कृषी विद्यापीठात लेखा विभागात हयात गेलेला माणूस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तोंडपाठ. इंजिनाचं बिल, विकणाऱ्याचे कागद, चासी नंबरवर कागद धरून पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा, सगळं एका निळ्या फाइलीत. नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढला, त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं म्हणजे त्यांचा सणच असतो.

खरं प्रकरण पुढं आहे. गिअरबॉक्स बदलला की स्पीडोमीटरची केबल नव्या हिशेबानं फिरते. काटा साठवर आणि शेजारून सायकलवाला घंटी वाजवत पुढं! मग अण्णांनी ठरवलं, डॅशबोर्डच नवा करायचा. डिजिटल मीटर, आरपीएम, तापमान, व्होल्ट, मोबाइल चार्जिंग, मागचा कॅमेरा आणि मधोमध टीव्हीएवढा टचस्क्रीन. आता डावा इंडिकेटर दिला की पेट्रोलचा आकडा त्याच तालावर खालीवर होतो. अर्थिंग कुठंतरी सैल आहे, एवढं शेंबडं पोरगंही सांगेल. ते कुठं सैल आहे, हे उस्तादही सांगू शकत नाहीत. "लई किरकोळ आहे ते," अण्णा म्हणतात. "शोधायलो."

सगळ्यात वाईट म्हणजे तो तापमानाचा आकडा. पूर्वी अण्णा गाडी चालवताना गप्पा मारायचे. आता मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना आत फक्त घोषणा चालतात. "नव्वद... ब्याण्णव... काच खाली घ्या... पंचाण्णव, कुणी बोलू नका." आपण बोललो नाही म्हणून इंजिन कसं थंड राहतं, हे विचारायची कुणाची छाती होत नाही.

भाचीच्या लग्नाला सेलूला जायचं होतं. सगळं घर सकाळच्या रेल्वेनं गेलं. अण्णा गाडीनं, मागच्या सीटवर उस्ताद आणि पाण्याचे कॅन. मानवत रोड स्टेशनला आमची गाडी थांबली तेव्हा अण्णांचा फोन आला, 'मागंच आहे.' ते पोचले तेव्हा मांडवातल्या खुर्च्या एकावर एक चढत होत्या. पण चेहरा असा, की वाटावं नवरदेव हाच. "एकदाच थांबलो!" ते प्रत्येकाला सांगत होते. उस्ताद मान खाली घालून जिलेबी खात होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. बातमी वाचून अण्णा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी उजळले. "म्हणजे आता पार्ट स्वस्त होतील."

परवा त्यांच्या नातवानं भर अंगणात विचारलं, "आजोबा, इंजिन दुसरं, गिअर दुसरा, डॅशबोर्ड दुसरा, सीटा दुसऱ्या. मग ही पणजोबांची गाडी कशी?"

काकूंनी हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांनी बरीच वर्षं पोटात ठेवला असावा.

"चासी नंबर तोच आहे की राव!" अण्णा म्हणाले आणि फाइल आणायला आत गेले. येताना फाटकाबाहेर माझी गाडी दिसली. फाइल काखेत मारून तिच्याभोवती एक फेरी घातली, खाली वाकून काहीतरी बघितलं.

"किती सालची?"

"दोन हजार बाराची. विकायला काढलीय."

"काहून?" अण्णांना धक्काच बसला. "बोनट उघडा बरं. उस्तादांना फोन लावतो."