एका लिटरचा प्रश्न

आमचा फ्रिज ऐन आषाढात गेला. तो घरात आला तेव्हा मुलगा बालवाडीत जात होता. गेला तेव्हा मुलगा हिंजवडीत जात होता. “एवढं आयुष्य आता फ्रिजला नसतं,” असं म्हणत दुरुस्तीवाल्याने मागच्या जाळीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला.

पौडला पावसाळ्यात बाहेरच फ्रिज असतो, दिवाळीपर्यंत थांबू, अशी सूचना मी मांडून पाहिली. सौ.ने कालची आमटी माझ्यापुढे ठेवली. तिला फेस आला होता. (आमटीला.) सूचना एकमताने फेटाळली गेली.

मुलाने रात्रीत एक्सेलचा तक्ता केला. हिंजवडी आमच्याच मुळशी तालुक्यात आहे, हे तिथे काम करणाऱ्यांना जमिनीच्या कामासाठी पौडला खेटे घालावे लागतात तेव्हाच कळतं. पण तक्ते मात्र तिथली माणसं झकास करतात. उभे पाच फ्रिज, आडव्या एकतीस ओळी. पहिल्याच ओळीत माझं घोडं अडलं. एकदारी फ्रिज, सगळे जवळपास सारख्याच किमतीचे, आणि मापं कशी? १८३ लिटर, १८४ लिटर, १८५ लिटर, १८७ लिटर, १९० लिटर. ही मापं आहेत की पीएमपीच्या बसचे नंबर?

१८३ आणि १८४ मध्ये सातशे रुपयांचा फरक होता. सातशे रुपयांत आपल्याला एक लिटर मिळणार. आता एक लिटर म्हणजे दुधाच्या दोन पिशव्या, एवढं मलाही समजतं. पण तो जादा लिटर फ्रिजमध्ये नेमका कुठे आहे, हे दुकानात कोणालाही दाखवता येईना. दाराच्या खणात? भाजीच्या ट्रेमध्ये? विक्रेता पोरगा म्हणाला, “सर, तो असा एका ठिकाणी नसतो, सगळीकडे थोडा थोडा असतो.” परमेश्वराबद्दल आमच्या कीर्तनकारांनी याहून वेगळं काही सांगितल्याचं आठवत नाही.

बाकीच्या ओळींचंही तसंच. एकाची काचेची फळी १७५ किलो वजन पेलते, दुसऱ्याची १५०. पाऊणदोनशे किलो नेमकं काय ठेवायचं असतं फ्रिजात? वांगी? आमच्यातले दोघं एका फळीवर बसले तरी एवढं भरणार नाही, आणि बसलेच तर दार लागणार नाही. एकाच्या दारावर जांभळी फुलं, दुसऱ्याच्या निळी. फुलांचा गारव्याशी काय संबंध, हे मी विचारलं तेव्हा सौ.ने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती ओळ मी स्वतःच तक्त्यात सर्वांत वर नेली. वॉरंटीत कंप्रेसरला दहा वर्षं आणि बाकी फ्रिजला एक. म्हणजे दुसऱ्या वर्षी फ्रिज मेला तरी त्याचं काळीज पुढची नऊ वर्षं कंपनीच्या जबाबदारीवर धडधडत राहणार.

वीजबचतीच्या लेबलावरचे तारे मात्र थट्टेचा विषय नाहीत. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २००६ मध्ये ही लेबलं सुरू केली आणि योजना खरोखर चांगली आहे. उपहासाच्या सदरात असं लिहिणं शोभत नाही, तरी लिहितो. त्या लेबलावर फ्रिज वर्षाला किती युनिट खाईल तो आकडा छापलेला असतो. एकतीस ओळींत हा एकच आकडा असा, की त्याला विजेच्या दराने गुणलं तर उत्तर रुपयांत येतं. तो आम्ही कोणीच पाहिला नाही. आम्ही तारे मोजले. त्यातही गोम अशी, की ताऱ्यांचं कोष्टक दर काही वर्षांनी कडक होतं. १ जुलै २०२२ ला एसीचं कोष्टक बदललं आणि कालचे पाच तारेवाले एका रात्रीत चारवर आले. यंत्र तेच, गारवा तोच. म्हणून लेबलावर काळही छापतात. तो न बघता तारे मोजणं म्हणजे दहावीचे टक्के विचारायचे आणि साल विचारायचं नाही. माझे अठ्ठावन्न टक्के त्या काळात पेढे वाटण्याजोगे होते, हे मुलाला अजून पटलेलं नाही.

तक्त्यातली सव्विसावी ओळ होती: ‘वीज गेल्यावर गारवा किती तास टिकतो’. एक कंपनी म्हणते नऊ, दुसरी म्हणते पंधरा. दोन्हीकडे आकड्याच्या डोक्यावर एक फुली, आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात, की हा निकाल प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतला आहे. प्रयोगशाळेत फ्रिजचं दार कोणी उघडत नसणार. आमच्याकडे लाईट गेली की पहिलं काम कोणतं, तर आत सगळं गार आहे ना, हे दार उघडून बघणं.

मुळशीकराने खरं तर हीच ओळ वाचावी आणि बाकीच्या तीस पुसून टाकाव्यात. विजेशी आमचं नातं जुनं आणि जरा तिरकं आहे. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापटांचे ‘सेनापती बापट’ झाले ते याच लढ्यात. धरण व्हायचं ते झालंच. पूर्वेला वाहणारं पाणी पश्चिमेला वळलं, सह्याद्री उतरून रायगडातल्या भिऱ्याला गेलं, तिथे त्याची वीज झाली आणि वीज मुंबईला गेली. मुंबईत मध्यरात्री कोणी श्रीखंडाचा डबा शोधायला फ्रिज उघडतो तेव्हा आत जो पिवळा दिवा लागतो, त्यात थेंबभर आम्हीही असू. इकडे ताम्हिणीच्या बाजूने ढग आले, तारेवर एक फांदी पडली, की आम्ही मेणबत्ती लावून वायरमनचा नंबर शोधतो.

दुकानात आम्ही चौघं गेलो. आई हट्टाने आली. तिने आयुष्यभर माठ बाजारातून स्वतः पारखून आणलेत आणि तिची पद्धत एकच: माठ डाव्या हातावर तोलायचा, उजव्या हाताने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर नीट भाजलेला, भद्द वाजला तर ठेवून द्यायचा. मापाचा प्रश्न नाही, ताऱ्यांचा नाही, आणि फुली मारून तळाशी काही लिहिलेलं नाही. तिने १८४ लिटरवाल्या फ्रिजला टिचकी मारली, कान लावला आणि जाहीर केलं, “पोकळ वाजतोय.”

विक्रेता पोरगा नम्रपणे म्हणाला, “आजी, फ्रिज पोकळच असतो.”

“मग लिटर कशाचे सांगतोस?”

यावर कंपनीने त्याला काही शिकवलेलं नव्हतं.

आता एक गंमत. एलजी, हायर आणि व्हर्लपूल, तिघांचेही फ्रिजचे कारखाने आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या एकाच औद्योगिक वसाहतीत आहेत. गोदरेजचा त्यातल्या त्यात लांब, म्हणजे शिरवळला. आम्ही तीन आठवडे ज्यांच्यातले भेद शोधत होतो ते बहुतेक एकमेकांचे शेजारी निघाले. एकाच टपरीवर चहा पिणाऱ्या हातांनी जोडलेले. आणि त्या वसाहतीच्या गावाचं नाव काय? रांजणगाव. आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “रांजणाला लाईट लागत नव्हती.”

पण तीन आठवडे आम्ही खरोखर फ्रिजची तुलना करत होतो, असं वाचकांना वाटत असेल तर तो त्यांचा भाबडेपणा आहे. कोथरूडला आमचे दाजी राहतात. आपण वस्तू घेऊन यावी, पेढा द्यावा, आणि दाजींनी पेढा तोंडात असतानाच विचारावं, “कितीला पडला?” आकडा ऐकून डोळे मिटावेत. मग म्हणावं, “तपकीर गल्लीत दीड हजार कमी झाले असते. मला एक फोन तरी करायचा.” प्रत्येक घराला असा एक माणूस नेमून दिलेला असतो. वस्तू घेण्याआधी तो कधी सापडत नाही. एकतीस ओळींचा तो तक्ता म्हणजे दाजींपुढे द्यायचा आमचा जबाब होता. फ्रिज वाईट निघाला तर चालेल. फसलो असं ठरता कामा नये. माणसं मोबाइल घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल पाठ करतात आणि पुढची चार वर्षं त्यावर फक्त सुप्रभात पाठवतात, त्यामागेही कुठे तरी एक दाजी असतोच.

शेवटी दुकानात मी त्या विक्रेत्या पोराला बाजूला घेतलं आणि तक्त्यात नसलेला प्रश्न विचारला: भर पावसात यातल्या कुठल्या फ्रिजचा मेकॅनिक पौडला येतो? त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सर, या एका कंपनीचं काम बघणारा पोरगा घोटवडे फाट्याला राहतो.”

विषय संपला. १८३ लिटर, तीन तारे, जांभळी फुलं. (निळी शिल्लक नव्हती. सौ. अजून बोललेली नाही.) संध्याकाळी छोट्या हत्तीतून फ्रिज घरी आला. खोका मुलाने जपून ठेवलाय. का, ते त्यालाही माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, दाजी आले. पहाटेपासून धो धो पाऊस, आणि लाईट सकाळी सहालाच गेलेली. आईने घड्याळाकडे बघून नऊ तास मोजायला घेतले होते आणि दार उघडायची सक्त मनाई केली होती. ती स्वतः सोडून. दाजी पेढा घेऊन सरळ फ्रिजकडे गेले, दार सताड उघडलं, फळ्या हलवून पाहिल्या, अंड्यांची भोकं मोजली, खालचा कांद्या-बटाट्याचा खण ओढून परत लोटला.

“१८३?”

“हो.”

“आमचा १८४ आहे.” मग बोटाच्या पेराने त्यांनी बाजूला दोनदा वाजवलं आणि मान हलवली. “पोकळ वाजतोय हो.”

“जावईबापू, फ्रिज पोकळच असतो,” आई म्हणाली. “दार लावा आधी.”