दूधगंगेपलीकडं न चालणारं ज्ञान

पहिलं वर्ष पार पडलं, विद्यापीठ बदलायचं ठरलं, इथवर सगळं सोपं आहे. कागदावर तर सरकारही विद्यार्थ्याच्याच बाजूला उभं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली आलं, जुलै 2021 मध्ये पाठोपाठ अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली, आणि तेव्हापासून व्यासपीठा-व्यासपीठांवरून सांगितलं जातंय की विद्यार्थी आता मोकळा झाला. एका ठिकाणी शिका, क्रेडिट खात्यावर जमा करा, दुसरीकडं जा आणि तिथून पुढं सुरू करा. बारा आकडी अपार क्रमांक काढला, डिजिलॉकर उघडलं, की शिल्लक डोळ्यांना दिसते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या आमच्या कागलात बँक म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. विकास सोसायटी, पतसंस्था, दूध संस्था यांच्या पासबुकांवरच इथली घरं उभी आहेत. त्यामुळं पोरीच्या खात्यावर पहिल्या वर्षाची 40 ते 44 क्रेडिट दिसली की घरच्यांना वाटतं, ही रक्कम आता देशात कुठंही वटणार. ती वटत नाही. शिल्लक दिसणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं, हे बुडीत संस्थेच्या ठेवीदाराला जसं ठाऊक असतं, तसं ते पहिल्या वर्षानंतर विद्यार्थ्याला कळतं. फरक इतकाच की ठेवीदार निदान दारात जाऊन बोंब मारू शकतो. क्रेडिटच्या बँकेला दारच नाही.

आता ही क्रेडिट अडतात कुठं? मुख्य विषयाचं एकवेळ समजू शकतं. इकडं पहिल्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र असेल, तिकडं सार्वजनिक वित्त असेल, नाही जुळलं. पण याच 40 ते 44 क्रेडिटांच्या गाठोड्यात 2 क्रेडिटांची भारतीय ज्ञान प्रणाली आहे, आणि माझं सगळं लक्ष त्या दोन क्रेडिटांवर खिळलेलं आहे. नियमाप्रमाणं एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे 15 तास. म्हणजे भारताची समग्र ज्ञानपरंपरा 30 तासांत उरकायची. परंपरा पाच हजार वर्षांची धरली, आणि यापेक्षा कमी धरण्याची आज कुणाची छाती नाही, तर तासाला सुमारे 166 वर्षं पडतात. सरांनी हजेरी घेण्यात दहा मिनिटं घालवली की एका राजाची अख्खी कारकीर्द गेली. मायक्रोफोन बंद पडला तर एक घराणं गेलं. तरीही मुलं हे 30 तास बसतात, आयुर्वेद, स्थापत्य, खगोल, नाट्य, योग यांतून सुसाट निघतात, परीक्षा देतात आणि 2 क्रेडिट कमावतात. मग ती दुसऱ्या विद्यापीठात जातात. तिथं समकक्षता समिती बसलेली असते. समिती दोन्हीकडचे अभ्यासक्रम समोर मांडते आणि म्हणते, तुमची ज्ञान प्रणाली पहिल्या सत्रात आहे, आमची दुसऱ्या सत्रात. तुमच्याकडं पेपरचं नाव 'ओळख' आहे, आमच्याकडं 'परिचय'. तुम्ही घटक तीनमध्ये गणित केलंय, आम्ही ते घटक चारमध्ये ठेवलंय. शून्य भारतानं जगाला दिलं हे दोन्हीकडं शिकवतात, पण एका विद्यापीठात शिकलेलं शून्य दुसऱ्या विद्यापीठात धरत नाहीत. ते शून्य पुन्हा शिकावं लागतं, आणि त्या शून्याची परीक्षा फी मात्र शून्य नसते. त्यावर कडी म्हणजे या बँकेतल्या क्रेडिटला मुदत आहे, जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणजे जे ज्ञान शतकानुशतकं तोंडी परंपरेनं, ना कागद ना शिक्का, पिढ्यान्‌पिढ्या टिकलं, ते आपल्या संगणकात गेलं की सात वर्षांत कालबाह्य होतं. ऋषींनी एवढं सगळं केलं, एक डिजिलॉकर तेवढं काढलं नाही, म्हणून वाचलं.

हे झालं दोन्ही विद्यापीठं एकाच राज्यातली असली तर. कागलकराला पर्याय त्याहून जवळचा आहे. दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी, आणि पुढं अर्ध्या तासात निपाणी. बाजार एक, भाषा एक, सोयरीक एक. पण 2024-25 या एकाच शैक्षणिक वर्षात काय घडलं ते पाहा. नदीच्या अलीकडं, महाराष्ट्रात, संलग्न महाविद्यालयांत नव्या धोरणाप्रमाणं वर्ग सुरू झाले आणि चौथ्या वर्षाची वाट खुली झाली. त्याच वर्षी नदीच्या पलीकडं, कर्नाटकात, 2021 पासून चालवलेली चार वर्षांची पदवी गुंडाळून पुन्हा तीन वर्षांची केली गेली. अलीकडच्यांनी जे भविष्य म्हणून आणलं, ते पलीकडच्यांनी भूतकाळ म्हणून काढून टाकलं, तेही एकाच वर्षी. धोरणाच्या नावात 'राष्ट्रीय' आहे आणि ते राष्ट्र दूधगंगेच्या काठाला येऊन थांबतं. याच काठावरून ऊस मात्र बिनघोर जातो. सप्टेंबर 2023 मध्ये परराज्यात ऊस न्यायला बंदी घालून पाहिली होती. शेतकरी उसळले आणि थोड्याच दिवसांत ती बंदी मागं घ्यावी लागली. कागलच्या फडातला ऊस पलीकडच्या कारखान्यात गेला म्हणून त्याचा उतारा कमी धरा, कारण तो अमुक सर्व्हे नंबरमध्ये पहिल्या सत्रात लावला होता, असं कुठला कारखाना म्हणाला तर त्याच्या गेटवर काय होईल हे सांगायला नको. क्रेडिटच्या बाजूनं गेटवर जाणारं कुणी नाही, कारण 18 वर्षांच्या पोराची संघटना व्हायच्या आत त्याचं दुसरं वर्ष सुरू होतं. आणि 1 नोव्हेंबर 1956 ची आठवण इथं काढावीच लागते. त्या दिवशी अख्खी निपाणी आणि चंदगड तालुका सोडून सगळा बेळगाव जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. लाखो माणसांची बदली एका रात्रीत झाली. त्यांच्याकडं ना कुणी ग्रंथालयाचा बेबाकी दाखला मागितला, ना दोन फोटो. त्यांची ना हरकत तर घेतलीच नाही. हरकत होती, ती आजही आहे. सरकारला माणसं हलवायची असली की कागद लागत नाहीत. माणसाला स्वतः हलायचं असलं की सगळे कागद लागतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: दर्जाचा प्रश्न आहे. कुठल्याही महाविद्यालयातलं पहिलं वर्ष आम्ही आमचं म्हणून कसं मान्य करायचं? आक्षेप भारदस्त आहे, पण तो दोन वर्षंही टिकत नाही. हेच विद्यापीठ, याच विद्यार्थ्यानं त्याच महाविद्यालयात तिन्ही वर्षं काढून आणलेली पदवी एमएच्या प्रवेशाला निमूट स्वीकारतं. एक पात्रता अर्ज, एक शुल्क, काम झालं. 120 ते 132 क्रेडिटांची अख्खी पदवी दर्जेदार आणि तिचाच पहिला तृतीयांश संशयास्पद, हे कुठल्या गणितात बसतं? भारतीय ज्ञान प्रणालीतल्या गणितात तरी बसत नाही. शिवाय नियमानंच दर्जाची काळजी घेतलेली आहे. पदवी ज्या संस्थेची, तिथं किमान निम्मी क्रेडिट कमावलेली असावीत, अशी 2021 च्या नियमांत अट आहे. पहिल्या वर्षानंतर जाणारा विद्यार्थी उरलेली दोन तृतीयांश पदवी नव्या ठिकाणीच करणार असतो. निम्म्याची अट तो सहज ओलांडतो. ज्याला दोन वर्षं स्वतः शिकवायचं आहे, त्याचा दर्जा स्वतः घडवण्याची हिंमत विद्यापीठात नसेल तर प्रश्न त्या विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाचा नाही, विद्यापीठाच्या पुढच्या दोन वर्षांचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. दारं उघडली तर सगळी मुलं पुण्याला पळतील आणि तालुक्याची महाविद्यालयं ओस पडतील. भीती खरी आहे, पण निम्मीच. पुण्यातही दुसऱ्या वर्षाला जागा मोजक्याच असतात. पहिल्या वर्षातून कुणी गेलं तर रिकामी होते तेवढीच. आणि वाहतूक एकेरी असते हे कुणी ठरवलं? पुण्यात खोलीचं भाडं आणि खानावळ झेपेना म्हणून परतणारी मुलं असतात. वडिलांची नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लागते, आईचं आजारपण येतं, पोरीचं लग्न ठरतं आणि सासर दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत निघतं. या परत येणाऱ्यांनाच अडवणुकीचा फटका जास्त बसतो, कारण जायला निघालेल्याकडं थोडी ऐपत असते, परतणाऱ्याची संपलेली असते. वर्ष वाया घालवण्यापेक्षा तो शिक्षणच सोडतो. मग नव्या धोरणात त्याचीही सोय आहे: 4 जादा क्रेडिटांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली की एका वर्षाचं प्रमाणपत्र हातात पडतं. बाहेर पडायला इतकी सुटसुटीत, सन्माननीय वाट आणि आडवं जायला एवढा खडक! ज्या व्यवस्थेत शिक्षण सोडणं हे शिक्षण बदलण्यापेक्षा सोपं आहे, तिनं स्वतःला लवचीक म्हणवून घ्यावं याची मला चीड येते. हसू आणायचा प्रयत्न केला, येत नाही.

तिसरा आक्षेप काकांचा आणि मामांचा: आधी विचार करायला काय झालं होतं? बारावीच्या निकालानंतर पंधरा दिवसांत, 17-18 वर्षांच्या पोरानं, कटऑफच्या यादीसमोर उभं राहून घेतलेला निर्णय जन्मठेपेसारखा भोगावा, हा यामागचा न्याय. मग धोरणात 'बहुप्रवेश, बहुनिर्गमन' हे शब्द घातले कशाला? विचार बदलण्याचा हक्क शासनानं छापून दिलेला आहे. तो वापरणाऱ्याला उनाड ठरवायचं काम तेवढं कुटुंबाकडं आणि कारकुनाकडं सोपवलेलं आहे. आणि कारकून ते मन लावून करतो. टीसी मिळण्यासाठी इथला प्रवेश रद्द करावा लागतो. तिथला प्रवेश पक्का होण्यासाठी टीसीची मूळ प्रत लागते. मधल्या दिवसांत विद्यार्थी कुठल्याच विद्यापीठाचा नसतो. त्याची बस पासची सवलत जाते, शिष्यवृत्तीचा अर्ज लटकतो, आणि त्याचा अपार क्रमांक तेवढा शाबूत राहतो. मग स्थलांतर प्रमाणपत्र, ग्रंथालयाची बेबाकी, प्रयोगशाळेची बेबाकी, वर्षभरात ज्याचं दार उघडं पाहिलं नाही त्या जिमखान्याची बेबाकी. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आहे, ती सरकारनंच तिथं ठेवली आहे, खिडकीवरच्या संगणकावर ती दिसतेही आहे, आणि खिडकीतून आवाज येतो: मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. कागलच्या झेरॉक्सवाल्यांनी या डिजिटल क्रांतीचे आभार मानायला हवेत. आणि हे सारं जमवून गेलं तर दुसऱ्या सत्राचा निकाल लागायच्या आत तिकडची मुदत संपलेली असते.

मागणी फार मोठी नाही. नव्या विद्यापीठानं कुठली क्रेडिट धरली आणि कुठली का नाकारली, हे फी भरून घेण्याआधी, ठरलेल्या दिवसांत, लेखी द्यावं. नाकारण्याचं कारण त्यांनी द्यायचं, जुळवण्याचा पुरावा विद्यार्थ्यानं नाही. आणि ज्या विषयाला सगळ्या देशाची एकच परंपरा म्हणून शिकवता, त्याची दोन क्रेडिट तरी देशभर एकच धरा. तोवर यंदा निघालेल्यांनी टीसीच्या पाच झेरॉक्स काढून ठेवाव्यात, जिमखान्याचे शिपाई कधी जाग्यावर असतात याची चौकशी करावी, आणि पहिल्या वर्षाचं भारतीय ज्ञान प्रणालीचं गाइड रद्दीत घालू नये. दुसऱ्या वर्षी लागेल.