कानाडोळा

माझ्या ससेघरात काका-पुतणी, मामा-भाची अशी नाती इतकी गुंतली होती की वंशावळ सांगायला हेळव्यालाच बोलवावं लागलं असतं. तेव्हा बाहेरचं रक्त आणायचं ठरलं. शेजारच्या तालुक्यात एका ससेवाल्याकडे सोव्हिएत चिंचिलाचा नर होता. चार किलोचा, राखाडी, मऊसूत. जावई पाहायला गेल्यासारखी मी तपासणी केली. दात पाहिले, नखं पाहिली, शेपटी उचलून पाहिली. चार वर्षं ससे पाळतोय, म्हणजे आपल्याला कळतंच! कान तेवढे राहिले. ते वरून चकचकीत दिसत होते. खोबरेल चोपडलं की कुणाचेही दिसतात, हे नंतर सुचलं. ससा सारखी मान झटकत होता.

"तरतरीत आहे," मालक म्हणाला.

"दिसतंयच," मी म्हणालो आणि घासाघीस न करता पैसे मोजले.

नवा ससा आणला की महिनाभर वेगळा ठेवायचा, हे मी आजवर चार जणांना सांगितलंय, तेही बोट उगारून. पण शुभस्य शीघ्रम् म्हणून त्याच संध्याकाळी तीन माद्या एकामागून एक त्याच्या पिंजऱ्यात सोडल्या. पाहुण्याने कामात कसूर केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात सगळं ससेघर भजनी मंडळासारखं माना झटकू लागलं. टॉर्च घेऊन नराच्या कानात डोकावलो. आत खारी बिस्किटाचे पापुद्रे रचावेत तशी तपकिरी खपली, थरावर थर, आणि ओल्या गोणपाटाचा वास.

मग करू नये ते सगळं केलं. चिमट्याने खपली ओढली. त्यावर नराने मागच्या पायांनी माझ्या पोटावर जो अभिप्राय नोंदवला, तो अजून बनियन वर केला की वाचता येतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेले फिप्रोनिलचे थेंब त्याच्या मानेवर सोडणार, एवढ्यात बायको म्हणाली, "आधी डॉक्टरांना विचारा तरी." फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता. कुत्र्याला चालणारं हे औषध सशाच्या जिवावर उठतं.

डॉक्टर स्वतःच आले. बहुधा मी आणखी काही करण्याआधी पोचावं म्हणून. कानातली खरूज, सोरोप्टिस नावाच्या किडीची. एकेका सशाचं वजन करून त्यांनी कातडीखाली इव्हरमेक्टिन टोचलं. औषध अंड्यांवर चालत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा. खपली ओढायची नाही, आपोआप गळते. किडीला जनावर मिळालं नाही तरी ती पिंजऱ्यात दोन-तीन आठवडे तग धरते, म्हणून जाळीवर ब्लो लॅम्प फिरवायचा. मी तो इतक्या निष्ठेने फिरवला की शेडचा पडदाही गेला.

निघताना डॉक्टरांनी एका मादीच्या नाकावरची पांढुरकी खपली दाखवली. "ही वेगळी. सार्कोप्टिस. ही माणसालाही लागते."

मी तेव्हा मनगट खाजवत होतो.

सशाची ही कीड माणसाच्या अंगावर वाढत नाही, ससे बरे झाले की तुमचीही खाज जाईल, असं ते म्हणाले. बायकोने फक्त 'माणसालाही लागते' एवढंच ऐकलं. गच्चीवरची खोली, वेगळं ताट, वेगळा टॉवेल, दारापासून चार हातांवर ठेवलेला चहा. एकवीस दिवस. नराच्या बाबतीत जे करायला हवं होतं, ते सगळं माझ्या बाबतीत यथासांग झालं.

गच्चीवरूनच ससेवाल्याला फोन लावला. "तुमच्याकडे आल्यावर झालं असेल," तो म्हणाला. "आमच्याकडे तर रोज तेल लावत होतो."

इकडे एकतिसाव्या दिवशी माद्या व्यायल्या. पिल्लं दोन महिन्यांची झाली तेव्हा पहिलं गिऱ्हाईक आलं. त्यानं दात बघायच्या आधीच मी टॉर्च हातात देऊन एकेक कान उलटून दाखवला. गुलाबी, कोरे करकरीत. गृहस्थ खूश झाले. पाकीट काढून नोटा मोजता मोजता त्यांनी वर पाहिलं. मी सवयीने मनगट खाजवत होतो.

पाकीट परत खिशात गेलं.