भिजत ठेवणारे अण्णा

घरात साधी सायकलही नसताना बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कॅनच्या कॅन आणणारा आमच्या सोसायटीत एकच माणूस आहे. तोच माणूस कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून लिक्विड पॅराफिनच्या बाटल्या नेतो. हे औषध बद्धकोष्ठावरचं. त्यामुळे मेडिकलवाल्याने एकदा आवाज खाली आणून विचारलं, "अण्णा, पोट एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवता का?" अण्णांनी त्याला खरं ते सांगितलं, की हे नाण्यांसाठी लागतं. तेव्हापासून त्याची खात्रीच पटली आहे की दुखणं बरंच जुनं असून म्हातारा लपवतोय.

अण्णा जुन्या नाण्यांवरचे थर काढतात. दीड-दोनशे वर्षं मातीत पडलेल्या तांब्याच्या नाण्यावर माती, चुना आणि तांब्याचेच क्षार मिळून असा काही खडा धरतो, की नाणं कुठलं आणि दगड कुठला ते कळू नये. खड्याखाली काळपट किंवा हिरवी पातळ कांती असते आणि अक्षरं त्या कांतीतच शिल्लक असतात. चिंच, लिंबू, व्हिनेगर लावलं की खड्याबरोबर कांतीही जाते. उरतो तो गुळगुळीत लाल तांब्याचा तुकडा. वर मीठही चोळलं असेल तर क्लोराइड आत शिरतं ते वेगळंच. पुण्याच्या जुन्या बाजारात असं चकचकीत केलेलं नाणं दिसलं की अण्णा पथारीवाल्यासमोर उभं राहून हळहळतात. तो बिचारा म्हणतो, "काका, घ्यायचं नसेल तर सावली सोडा."

अण्णांचा उपाय एकच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाहीतर पॅराफिनमध्ये भिजत ठेवणं. स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर चिठ्ठी असते: 'पाडव्याला बुडवली. दसऱ्यापर्यंत हात लावू नये.' ही सूचना काकूंसाठी असते. पूर्वी अण्णा ऑलिव्ह तेल वापरायचे. त्यातलं सौम्य आम्ल थर हळूहळू सोडवतं खरं, पण थोडं कांतीलाही खातं, असं कळल्यावर त्यांनी ते सोडलं. काकूंच्या मते तेलाचा भाव कळल्यावर सोडलं.

भिजवण्याचा हा गुण नाण्यापुरता राहिला असता तर मी त्यांना दंडवत घातला असता. पण अण्णा एक वर्ष सोसायटीचे सेक्रेटरी होते. गच्चीची टाकी गळते? "जरा मुरू द्या." लिफ्टचं कंत्राट? "घाई केली की अक्षर जातं." कंत्राटात जायला अक्षर कुठलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पुतण्याला सांगून आलेली स्थळंही त्यांनी अशीच भिजत ठेवली. शेवटी पुतण्याने आपलं आपण जमवलं आणि पेढे घेऊन आला. अण्णा म्हणाले, "बघ, आपोआप सुटलं की नाही?"

एका रविवारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. पॅराफिनमधून काढलेली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, त्यांनी खिडकीच्या उजेडात पांढऱ्या फडक्यावर ठेवली. डोळ्याला भिंग, हातात बाभळीचा काटा. सुई नाही, कारण पोलाद तांब्यापेक्षा कठीण आणि एक ओरखडा गेला की तो कायमचा. काटा आडवा धरून ते थराची कड तेवढी उचकत होते. कपची निघाली की फुंकर, मग मऊ कुंचला, मग पुन्हा काटा. तासाभरात तांदळाच्या कणीएवढी जागा मोकळी झाली आणि तिथे 'शि'ची वेलांटी दिसली. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढाच शिवराईवरचा मजकूर. तो शाळकरी पोरालाही पाठ असतो. तरी ती वेलांटी बघताना माझाही श्वास अडकला, हे मान्य करतो. पुढे दिवाळीपर्यंत काटा चालत राहून सगळं नाणं उघडं झालं, तेव्हा ती निघाली दुदांडी. म्हणजे पेशवाईतली, बाजारात ढिगाने मिळणारी. मला वाईट वाटलं. अण्णा म्हणाले, "ढिगातल्या नाण्यांना काय अक्षरं नसतात?"

हा माणूस धावतो ते एकाच कारणाने. नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली की. ती कांती नव्हे, तो रोग. आत दडलेलं क्लोराइड हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतं, ते आम्ल तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, आणि चक्र चालूच. म्हणून पावसाळ्यात नाणी कोरडी ठेवायला अण्णांना सिलिका जेलच्या पुड्या लागतात. सोसायटीत कुणी नवे बूट आणले की खोका उघडायच्या आत अण्णा दारात हजर. बुटांची चौकशीही करत नाहीत, पुडी मागतात.

सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांची तऱ्हा आणखी निराळी. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. सबब कपाट बाद, आणि नाणी काकूंच्या डाळी-साळींच्या हवाबंद डब्यांत. डाळी कुठे गेल्या? कपाटात.

अण्णांचा आदर्श पुरुष सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली त्याचा शत्रू क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. "शत्रूला हरवलं, पण त्याचं तोंड घासून नाही काढलं," अण्णा सांगतात. "वरून ठसा मारला. म्हणून आज दोघंही दिसतात." राजाने हे भावी संग्राहकांच्या सोयीसाठी केलं नसणार, असं मी म्हणून पाहिलं. अण्णांनी माझं म्हणणं भिजत ठेवलं.

तेव्हा आजोबांच्या पेटीत हिरवं पडलेलं नाणं सापडलं तर त्याला चिंच लावू नका, ब्रश लावू नका, कोरड्या कागदात ठेवा आणि जाणकाराला दाखवा. शेतात सापडलं असेल तर आधी कलेक्टर कचेरी गाठा, 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. आणि अण्णांकडेच न्यायचं ठरवलंत तर जरूर न्या. नाणं अक्षरासकट परत मिळेल. फक्त कधी, ते विचारू नका.