मावशी, मेळघाटात येता का?

प्रति,
कळपप्रमुख मावशी,
मु. पो. धानोरा, कुरखेडा, आरमोरी, किंवा आज रात्री ज्या बांधीत मुक्काम पडेल तिथे,
जिल्हा गडचिरोली.

विषय : मेळघाटात कायम वास्तव्यास येऊन सकाळच्या सफारीत दर्शन देण्याबाबत.

संदर्भ : अबुल फझलचा 'आईन-ए-अकबरी', सोळावे शतक. (त्यानंतर पत्रव्यवहार नाही.)

सा. न. वि. वि.

मावशी, तुमचा-आमचा परिचय नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तुम्ही लेकराबाळांसकट, वीसेक जणांचा कबिला घेऊन छत्तीसगडातून गडचिरोलीत उतरलात, तेव्हापासून पेपरात तुमच्याबद्दल वाचतो, इतकीच ओळख. ती बातमी आली त्या दिवशी अमरावतीच्या राजकमल चौकात आम्हांला अगदी भरून आलं. 'आपल्या विदर्भात रानहत्ती आले राजेहो!' आपल्या, म्हणजे इथून सव्वातीनशे किलोमीटरवर. आपलेपणाला एवढं अंतर फार सोईचं असतं.

पत्रास कारण की, आमच्याकडे जंगल आहे, जिप्सी आहे, कॅमेरा आहे. फक्त जनावर वेळेवर येत नाही. १९७३ साली देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाले, त्या पहिल्या नऊ जंगलांत आमचा मेळघाट होता. नुसता गाभाच दीड हजार चौरस किलोमीटरचा. त्यात सागवान, बांबू, दऱ्या आणि तापीकडे धावणाऱ्या खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या. एवढ्या डोंगरात वाघाने कुठल्या वळणावर उभं राहावं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, आणि इथेच आमचे पैसे बुडतात.

आमचा सफारीचा दिवस कसा असतो ते सांगतो. अमरावतीकर रात्री धड न झोपता निघतात, परतवाड्याला चहा घेतात आणि घाट चढून सेमाडोहला पोचतात. अकोलेकर अकोटवरून नरनाळ्याच्या पायथ्याशी, शहानूरच्या गेटवर हजर. गाईड सांगतो, गाडीतून उतरू नका, बोलू नका, खायला टाकू नका. पैकी बोलू नका ही अट आम्ही गेटमधून आत शिरता शिरता मोडतो. पुढचे तीन-चार तास सागाची पानं, वानरं, बांबूत शिरणारी रानगव्याची पाठ आणि कालच्या वाघाचा आजचा ठसा. मग मागच्या बाकावरचे काका म्हणतात, "काऊन रे भाऊ, वाघ नाही तं नाही, एखादं अस्वल तरी दाखवा लागत होतं न!" जणू अस्वल गाईडने घरी बांधून ठेवलं आहे.

दिसत नाही असंही नाही. गाईड हळूच एका वाळक्या फांदीकडे बोट करतो. तिथे भर दिवसा रानपिंगळा बसलेला असतो. १८८४ नंतर हा पक्षी कोणाच्या नजरेस पडला नव्हता, जगाने त्याला नामशेष धरलं होतं. १९९७ साली शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला, आणि आज त्याचा सगळ्यांत भक्कम आधार म्हणजे आमचा हा मेळघाट. एकशे तेरा वर्षं जगाला चकवणारा पक्षी आमच्या गाडीपासून दगडाच्या टप्प्यावर बसलेला, आणि गाडीतून आवाज येतो, "घुबडच हाये ना ते? चाला पुढं."

म्हणून तुमची आठवण झाली, मावशी. तुमच्या आकारमानाचं जनावर आम्हांला ओळखता येईल. फोटोत मावणार नाही, एवढीच अडचण.

तुम्ही म्हणाल, वऱ्हाडाशी आमचा काय संबंध? आहे. अबुल फझल लिहून गेला आहे की आग्रा सुभ्यात बयावान आणि नरवरच्या जंगलांपासून थेट वऱ्हाडापर्यंत रानहत्ती सापडतात. सातपुड्यापलीकडच्या हंडिया आणि होशंगाबादची नावंही त्याच्या यादीत आहेत. म्हणजे तुमचे आजे-पणजे आमच्या उंबऱ्याशी होते. ते का गेले, याचा थोडा अंदाज त्याच पुस्तकात लागतो : हत्ती कसे पकडावेत, याच्या नाना तऱ्हा त्याने हौसेने नोंदवल्या आहेत. चिखलदऱ्याला येऊन गाविलगडाचा दरवाजा पाहाल, तर तिथे दगडात हत्ती कोरलेले आहेत, पण गंडभेरुंडाच्या तावडीत सापडलेले. आमच्या पाहुणचाराची कीर्ती जुनी आहे. मनावर घेऊ नका.

शिवाय तुमच्या जातीच्या बाया आमच्या नोकरीत आहेतच. कोलकासला सिपनेच्या काठी लक्ष्मी, चंपाकली, जयश्री, सुंदरमाला या हत्तिणींनी वर्षानुवर्षे पर्यटकांना पाठीवर फिरवलं. जानेवारीत त्यांना काही दिवस हक्काची रजा असते. त्या काळात जडीबुटींच्या गरम काढ्याने त्यांचे पाय शेकतात, त्याला तिथे चोपिंग म्हणतात. आमच्या कित्येक ऑफिसांत माणसांनाही एवढं मिळत नाही. पण खरं सांगू का, त्या पाळीव आहेत, म्हणून आमचं मन भरत नाही. आम्हांला जंगली पाहिजे. जंगली, पण पाळीवासारखी वागणारी.

तेव्हा येण्याआधी आमच्या काही किरकोळ अटी आहेत. त्या मान्य असाव्यात.

१) दर्शनाची वेळ सकाळची. ऊन चढण्याआधी यावे. कळपाने यावे, पिल्लू पुढे असावे. सोंड वर केल्यास उत्तम.

२) गाडीकडे चालत यावे, धावत येऊ नये. कान फडफडवणे चालेल. चित्कार केल्यास आमच्यातली निम्मी मंडळी सीटखाली जातील आणि व्हिडिओ हलेल.

३) आहारात साग, बांबू, गवत घ्यावे. डोंगर उतरून खाली येऊ नये. खाली अचलपूर-चांदूरबाजारकडे संत्रा आहे, अकोट-अंजनगावकडे केळी आणि पानमळे आहेत, आणि बाकी सगळीकडे कपाशी, तूर, सोयाबीन. हे सगळं आधीच भाव, बोंडअळी आणि अवकाळी पाऊस यांनी वाटून घेतलेलं आहे. चौथ्या वाटेकऱ्याला जागा नाही.

४) दिवसाला तुम्हांला दीडशे किलोच्या घरात चारा आणि शंभर लिटरच्या वर पाणी लागतं म्हणतात. चारा तुमचा तुम्ही पाहा. पाण्याचं असं आहे की एप्रिल-मेमध्ये सिपनेत डोहच तेवढे उरतात, आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून आम्ही पाणवठ्यावर आलेली जनावरं मोजतो. त्या रात्री सगळं पाणी तुम्ही प्यायलात, तर मोजायला दुसरं कोणी येणार नाही.

५) कोरकू शेतकऱ्याच्या कोदो-कुटकीला तोंड लावू नये. ही अट आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. तुमच्यासारखेच छत्तीसगडातून आलेले हत्ती २०१८ पासून मध्य प्रदेशात बांधवगडला राहिले होते. ऑक्टोबर २०२४ अखेरीस त्यांतले दहा जण शेतातलं बुरशी लागलेलं कोदो खाऊन दोन-तीन दिवसांत गेले. माणसाचं पीक जसं तुम्हांला आवडतं, तसं ते तुम्हांला मारूही शकतं.

वाट सोपी नाही, पण आहे. नवेगाव-नागझिरावरून पेंच. तिथे चव्वेचाळीस नंबरचा महामार्ग खांबांवर उचलून खालून जनावरांना जाण्यापुरती वाट ठेवली आहे. पुढे सातपुडा, बैतूलची जंगलं, आणि डोंगर न सोडता मेळघाट. नवेगावच्या बाजूला तर गोंदिया जिल्ह्यापर्यंत तुम्ही येऊनही गेलात. पुढे का नाही आलात, हे विचारायला हे पत्र.

इथवर मी गमतीत लिहिलं. पुढचं गमतीत लिहिता येत नाही. तुम्ही गडचिरोलीत आलात आणि तिथल्या माणसांचे धान तुडवले गेले, मोहाच्या आणि तांदळाच्या वासाने घरांच्या भिंती पडल्या, माणसं मेली. रात्री तुम्ही येता, सकाळी पंचनामा येतो, पैसे त्याच्या खूप मागून येतात. दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्गात तेच. २००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले. तिथल्या माणसाने लहानपणापासून वाढवलेला माड एका रात्रीत आडवा होतो, आणि नुकसानभरपाईच्या कागदावर त्याची किंमत लिहिली जाते. माडाला लागलेली वर्षं कागदावर कुठल्या रकान्यात लिहायची, ते अजून ठरलेलं नाही. २०२५ मध्ये ओंकार नावाचा तरुण हत्ती तिथून गोव्यात पेडण्यापर्यंत फिरून आला, तर दोन राज्यांची धावपळ झाली. आणि त्याच वेळी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून आम्ही इकडे म्हणत होतो, 'काय देखणा आहे!'

देखणा आहेच. तुम्हीही आहात. पण देखणेपणाची किंमत कोण देतो, हे बघा. श्रीलंकेत मिन्नेरियाला पाणी ओसरलेल्या तळ्याकाठी ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो हत्ती जमतात, आणि त्यांच्याभोवती जिपांचा वेढा पडतो. पाहणारा तासाभराने हॉटेलात परततो. ज्याच्या शेतातून ते हत्ती जातात-येतात, त्याला परतायला दुसरं ठिकाण नसतं.

मेळघाटात तर हा हिशोब आम्ही एकदा वाघाच्या नावाने मांडला आहे. कुंड, बोरी, कोहा, चुर्णी, वैराट, अमोना, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट ही माणसं राहणारी गावं होती. वाघाला मोकळी जागा हवी म्हणून ती उठली. नंतर उठलेल्या गावांतल्या कुटुंबांना दहा लाखांचं पॅकेज मिळालं. गावांच्या शेतांवर गवत वाढलं आणि गवतावर गवे-सांबर आले. आता आमची जिप्सी तिथे थांबते आणि आम्ही म्हणतो, "वा, काय कुरण आहे!" बाहेर पाठवलेल्यांतले काही जण सोयी मिळाल्या नाहीत म्हणून परत जंगलात गेले. जानेवारी २०१९ मध्ये तिथे त्यांची आणि सरकारी माणसांची झटापट झाली, दोन्ही बाजूंची डोकी फुटली. जो पिढ्यान्‌पिढ्या आत राहत होता त्याला बाहेरची वाट, आणि जो बाहेरून चार तासांसाठी येतो त्याला आतलं तिकीट. वाघाने यातलं काहीच मागितलं नव्हतं.

आता तुम्ही आलात, तर तुम्हांला वाघापेक्षा कितीतरी जास्त जागा लागेल. ती कोण देणार? अमरावतीच्या कॅम्पातला कोणी प्लॉट देणार नाही. अकोल्याच्या जठारपेठेतला कोणी अंगणातलं केळीचं झाड देणार नाही. द्यायची वेळ आली की पुन्हा नकाशावर एखादं कोरकूंचं गाव सापडेल. आम्ही मात्र फेसबुकवर लिहू, 'माणसाने हत्तींच्या वाटा अडवल्या.' ते खरंच असतं. फक्त त्या वाक्यातला माणूस म्हणजे नेहमी दुसरा कोणी तरी असतो.

म्हणून मावशी, एक तोडगा सुचवतो. तुम्ही इकडे येण्याची घाई करू नका. आधी आमच्या सफारीच्या तिकिटात एक रकाना वाढवू द्या. ज्याला रानहत्ती पाहायची हौस आहे, त्याने जिप्सीचं भाडं, गाईडचे पैसे, कॅमेऱ्याचं शुल्क आणि त्याखाली गडचिरोलीतल्या एका बांधीच्या धानाची भरपाई भरायची. आधी भरपाई, मग बुकिंग. ज्या गावाच्या कुरणावर थांबून फोटो काढायचे, त्या गावाचं नाव तिकिटावर छापायचं, आणि तिथून उठलेली माणसं आज कुठे राहतात तेही. मग बघू, त्या जिप्सीत सहा जण भरतात का. जिप्सी भरल्या, तर समजा की वऱ्हाडाला तुम्ही खरंच हव्या आहात. आणि रिकाम्या गेल्या, तर आमचं हत्तीप्रेम आईन-ए-अकबरीपासून आजवर फारसं बदललेलं नाही, असं समजा : अकबराला तुम्ही पीलखान्यात हव्या होत्या, आम्हांला मोबाइलमध्ये.

कळावे, लोभ असावा. तो दुरूनच असावा.

आपला,
मागच्या बाकावरचा एक वऱ्हाडी

ता. क. : एवढं सांगूनही तुम्ही यायचंच ठरवलं, तर पावसाळ्यात या. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभ्यातली सफारी बंद असते. नद्यांना पाणी असतं, बांबूला कोंब फुटलेले असतात, आणि आमच्यापैकी एकही जण तिथे नसतो. राहण्यासाठी मेळघाट पाहायचा, तर तो तेव्हाच पाहावा.