रथ मागवला, टेम्पो आला

कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणी सैन्य होतं आणि एका अक्षौहिणीला २१,८७० रथ. म्हणजे एकूण चार लाखांना जरा कमी. जिल्हा परिषदेच्या एखाद्या निवडणुकीत आपण हा आकडा ओलांडू, अशी चिन्हं आहेत.

रथ बनवायची कृती सोपी आहे. एक ‘छोटा हत्ती’ टेम्पो भाड्याने घ्यावा. हौद्याच्या तिन्ही बाजूंना लोखंडी अँगल वेल्ड करून फ्लेक्स ताणावा, टपावर दोन भोंगे, मागे जनरेटर. सकाळपर्यंत याच गाडीतून कांदा मार्केट यार्डात जात होता. तो वास साहेबांच्या हसऱ्या चेहऱ्यामागून अजून येतो. पण भोंग्यावर गाणं लागलं की तो झाला प्रचाररथ. जुन्या चतुरंग सेनेला हत्ती वेगळा, रथ वेगळा पोसावा लागे. आपण दोन्ही एकाच गाडीत बसवले. घोडे इंजिनात असतातच, आणि पायदळ मागून रोजावर चालतं. निवडणूक अधिकाऱ्याने काचेवर चिकटवायला दिलेल्या परवानगीत या सगळ्याला नुसतं ‘वाहन’ म्हटलेलं असतं. तेवढा एकच कागद खरं बोलतो, म्हणून तो कोणी वाचत नाही.

या बढतीची परंपरा थोर आहे. एन. टी. रामाराव यांनी १९८२ साली तेलुगू देसम काढला आणि एका शेव्हरोले व्हॅनचा ‘चैतन्य रथम’ करून आंध्र पालथा घातला. पडद्यावर कृष्ण रंगवून देव झालेला माणूस टपावर, आणि खाली स्टिअरिंगला त्याचा मुलगा. त्याचं नाव हरिकृष्ण. पौराणिक शिस्त इतकी पाळणारा रथ पुन्हा झाला नाही. १९९० च्या सप्टेंबरात लालकृष्ण अडवाणी सोमनाथहून रथयात्रेला निघाले ते टोयोटाच्या मिनीबसमधून. पण ‘मिनीबसयात्रा’ म्हटलं असतं, तर लोकांनी फार तर सुट्ट्या पैशांवरून वाद घातला असता. पुढे बिहारात समस्तीपूरला त्यांना अटक झाली. गाडी थांबली, शब्द मात्र सुटला तो सुटलाच.

सरकारलाही मग मोह झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘विकसित भारत संकल्प यात्रे’साठी केंद्राने बड्या अधिकाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यात ‘रथप्रभारी’ नेमायचं काढलं. यूपीएससीच्या अभ्यासक्रमात घोड्यांचा खरारा येत नाही, हे बहुधा नंतर ध्यानात आलं असावं. ओरड झाली तसा शब्द मागे घेतला गेला आणि रथप्रभारींचे नोडल अधिकारी झाले. काम तेच. मला विचाराल तर नुकसानच झालं. ‘नोडल अधिकारी’ म्हटल्यावर वाटेत कोण ओवाळणार?

लग्नाच्या रथाबद्दल मी वाईट बोलणार नाही. जुन्या जीपवर फायबरचे चार पांढरे घोडे, आठही पुढचे पाय हवेत. दोन घोड्यांच्या मानांमधल्या फटीतून चालक रस्ता बघतो आणि नवरदेवाच्या मावसभावांना शिव्या घालत क्लच सांभाळतो. इथे निदान सगळ्यांना ठाऊक असतं की ही एका रात्रीची गंमत आहे. नगरपालिकेच्या शववाहिनीचाही वैकुंठरथ झाला. प्रवाशाची तक्रार नाही.

खरी अडचण युधिष्ठिराने करून ठेवली आहे. त्याचा रथ म्हणे जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा मेला असं सांगून ‘हत्ती’ तेवढं तो ओठातल्या ओठात पुटपुटला, आणि चाकं खाली टेकली. तेव्हापासून रथ जमिनीवरच धावतो. आमच्या रस्त्यांवर तर तो चार बोटं खालूनच जातो. प्रचाररथाला याची भीती नाही. भोंग्यातून काहीही बोला, आणखी खाली जायला जागाच उरलेली नाही.

सगळ्याच शब्दांचं असं नशीब नसतं. खटारा ही एके काळी ओझं वाहणारी साधी, कष्टाळू गाडी. आज सोसायटीच्या गेटवर कोणाच्या गाडीला खटारा म्हणून बघा, पार्किंगची सभा होते. आणि डोलीला तर ना बढती, ना बदली. मोखाडा-जव्हारकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात बाई अडली, की बांबूला चादर बांधतात आणि चौघंजण खांद्यावर घेऊन उतार उतरतात. बातमीत त्याला डोली म्हणतात. इथे फ्लेक्स नाही, भोंगा नाही, शब्दाचा अर्थ जुना तसाच शाबूत. विकासाचा रथ वर चढत नाही, कारण रस्ता नाही. तो खाली डांबरावर उभा राहून आरोग्याच्या योजना ओरडून सांगतो. डोलीवाले धापा टाकत तिथवर पोचतात आणि रुग्णवाहिकेचं विचारतात. उत्तर तयार असतं: गाडी आहे ना, उभीच आहे. चालक तेवढा रथावर दिलाय.